मागील पानावरून पुढे

व्यापारी घरात वाढलेल्या प्रत्येकाला 'मागील पानावरून पुढे' हे शब्द परिचित असतात. वहीचे पान भरले की तळाशी बेरीज मांडायची आणि तीच रक्कम नव्या पानाच्या माथ्यावर उतरवायची, ही जुनी रीत. पान नवे असले तरी हिशेब जुनाच चालू राहतो. ज्या कथेवर आपला जीव जडला तिचा पुढचा भाग हाती येतो, तेव्हा वाचकाच्या मनाची अवस्था काहीशी अशीच होते. जुनी रक्कम नव्या पानावर नीट उतरली आहे, की लेखकाने कोरी वही काढून निराळाच हिशेब मांडला आहे, हे तो सर्वांत आधी पाहतो.

मागील अंकात या सदरातून 'व्हिज्युअल नॉव्हेल' या संगणकीय कथाप्रकाराची ओळख करून दिली होती आणि 'क्लॅनाड' या जपानी कथेविषयी थोडे लिहिले होते. त्यावर काही वाचक भगिनींनी विचारले, की त्या कथेतील माणसांचे पुढे काय झाले? प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर एका लेखाएवढे आहे; कारण त्या कथेतील एका नायिकेचे पुढे काय झाले हे सांगणारा स्वतंत्र खेळ उपलब्ध आहे. गेल्या पावसाळ्यात, रात्री घरातील सर्व कामे आटोपल्यावर, रोज तासभर बसून मी तो पूर्ण केला. आजचा लेख त्याविषयी.

ज्यांच्या हाती मागील अंक आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या प्रकारात धावणे, उडी मारणे, नेम धरणे असे काही नसते. पडद्यावर चित्र असते, खाली मजकूर असतो, पार्श्वभूमीला संगीत असते, आणि वाचक एकेक वाक्य वाचत पुढे जातो. मध्येच कथा थांबते आणि विचारते: आता नायकाने काय करावे? दोन-तीन पर्याय समोर येतात. आपण जो निवडू त्याप्रमाणे कथेची वाट बदलते. निरनिराळ्या वाटांना जपानी खेळाडू 'रूट' म्हणतात, आणि प्रत्येक वाटेच्या टोकाशी निराळा शेवट असतो. निवड करण्यापूर्वी आपली जागा सेव्ह करून ठेवता येते. निवड पटली नाही तर मागे येऊन दुसरी वाट धरता येते. जपानमध्ये १९९४ साली कोनामी कंपनीचा 'तोकिमेकी मेमोरियल' आणि कोएई कंपनीचा 'अँजेलिक' हे दोन प्रेमकथात्मक खेळ निघाले. पहिल्यात खेळाडू शाळकरी मुलगा, दुसऱ्यात तरुण मुलगी. पुढील दहा वर्षांत या शाखेला मजकुराचा भार अधिकाधिक येत गेला आणि खेळाचे रूप जाऊन कादंबरीचे रूप आले.

'क्लॅनाड' ही अशीच एक दीर्घ कादंबरी. व्हिज्युअल आर्ट्स या कंपनीच्या 'की' या शाखेने ती २८ एप्रिल २००४ रोजी प्रसिद्ध केली. तिचे प्रमुख लेखक जुन माएदा. नायक तोमोया ओकाझाकी हा वडिलांशी अबोला धरलेला, अभ्यासातून मन उडालेला विद्यार्थी. वडिलांशी झालेल्या भांडणात त्याच्या खांद्याला इजा झाली आणि बास्केटबॉल कायमचा सुटला. आई लहानपणीच गेलेली. अशा मुलाच्या आयुष्यात निरनिराळ्या वाटांनी निरनिराळी माणसे येतात. त्यांतील एक वाट तोमोयो साकागामी हिची. नायक तोमोया आणि नायिका तोमोयो, या नावांनी मराठी वाचकाची तारांबळ उडणार हे उघड आहे. म्हणून पुढे त्याला नायक आणि तिला तोमोयो एवढेच म्हणेन.

तोमोयोच्या मनात एक वचन आहे. तिचे आईवडील वेगळे होण्याच्या बेतात असताना तिच्या धाकट्या भावाने, ताकाफुमीने, पुलावरून उडी घेतली होती. तो वाचला, आणि त्या धक्क्याने मोडू पाहणारे घर पुन्हा सांधले गेले. शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर चेरीची झाडे आहेत. त्या झाडांखालून कुटुंब एकत्र चालले होते, एवढीच तिची ठेव. ती झाडे तोडली जाणार असे कळल्यावर त्यांना वाचवण्यासाठी ती विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष होण्याचे ठरवते आणि होतेही. परंतु तिच्या प्रगतीत आपण अडसर ठरतो आहोत असे नायकाला वाटते आणि तो स्वतःहून दूर होतो. अनेक महिने जातात. झाडे वाचतात. बर्फ पडत असताना ती परत येते आणि त्याला निवडते. ही वाट तेथे संपते.

खरे सांगायचे तर या शेवटावर माझे मन भरले होते. पुढे काही असावे अशी इच्छाही नव्हती. गोड शेवटाचे एक सुख असते: त्यानंतरच्या दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही.

येथे व्यापाराचा एक मुद्दा येतो, तो आपल्या वाचकांना विशेष रुचेल. लोकांना आवडलेल्या कथेचा उत्तरभाग काढणे हा निर्मात्यासाठी एका अर्थी सोयीचा सौदा असतो. गिऱ्हाईक ओळखीचे असते, पात्रे तयार असतात, नव्या मालाची ओळख पटवून देण्याचा खर्च वाचतो. ओढ किती असते याचे एक उदाहरण देते. 'क्लॅनाड'ची इंग्रजी आवृत्ती काढण्यासाठी २०१४ साली लोकवर्गणीची मोहीम झाली. उद्दिष्ट होते १ लाख ४० हजार डॉलर. जमले ५ लाख डॉलरहून अधिक. मूळ खेळाला दहा वर्षे उलटून गेल्यानंतर, आणि माल हाती येण्यापूर्वीच, लोकांनी ही रक्कम भरली. ज्याच्या पेढीवर एवढा विश्वास आहे त्याने नवा माल का काढू नये?

परंतु या प्रकारात एक अडचण अशी आहे की ती कादंबरीला किंवा चित्रपटाला नसते. कादंबरीचा शेवट एकच असतो, त्यामुळे पुढचा भाग कोठून सुरू करायचा हा प्रश्न पडत नाही. येथे शेवट अनेक. एका खेळाडूच्या लेखी नायकाने तोमोयोला निवडले, दुसऱ्याच्या लेखी नागिसाला, तिसऱ्याच्या लेखी आणखी कोणाला. उत्तरभागाने एक शेवट खरा मानला की उरलेल्या सर्वांच्या निवडी खोट्या पडतात. एका भागीदाराला नफा वाटून इतरांना रिकाम्या हाती पाठवण्यासारखे ते होते.

निर्मात्यांनी यावर निरनिराळे मार्ग काढले. लीफ या संस्थेचा 'टू हार्ट' हा गाजलेला खेळ १९९७ चा. २००४ साली 'टू हार्ट २' आला तेव्हा शाळा तीच ठेवली, परंतु विद्यार्थी नवे आणले. त्यामुळे जुन्या कोणाच्याही निवडीला धक्का लागला नाही. दुसरा मार्ग 'फॅनडिस्क'चा. यात मूळ खेळातील प्रत्येक वाटेला एकेक छोटी पुरवणी जोडतात. 'कोड रिअलाइज' हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनमध्ये घडणारा खेळ २०१४ चा. त्याची 'फ्यूचर ब्लेसिंग्ज' ही पुरवणी २०१६ साली जपानमध्ये आली आणि प्रत्येक नायकासोबतच्या पुढील दिवसांची वेगळी कथा तिने दिली. ज्याने ज्याला निवडले त्याला त्याचा वाटा मिळाला. अशा पुरवण्या वाचायला प्रसन्न असतात. सणानंतर उरलेल्या मिठाईचे डबे घरोघरी वाटावेत तसा हा प्रकार. त्यात वावगे काही नाही, मात्र त्याने पोट भरत नाही.

'की'ने तिसरा मार्ग धरला. २५ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांनी 'तोमोयो आफ्टर' हा खेळ प्रसिद्ध केला, आणि तो केवळ तोमोयोच्या वाटेच्या शेवटापासून सुरू केला. उपशीर्षक इंग्रजी आहे: 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. आयुष्य किती सुंदर आहे, असा त्याचा अर्थ. खेळ पूर्ण केल्यावर हे शब्द पुन्हा वाचले की ते किती जड आहेत हे कळते.

प्रथम काही गोष्टी खटकतात. मूळ खेळाची चित्रे इतारू हिनोउए यांची होती. येथे फुमिओ हे निराळे चित्रकार आहेत. ओळखीचा चेहरा किंचित बदललेला दिसतो. माहेरी बऱ्याच दिवसांनी जावे आणि भिंतीचा रंग बदललेला असावा, तसे काही वेळ वाटते. मग सवय होते. जागाही बदललेली असते. शाळेचे आवार मागे पडले आहे. नायक आता भाड्याच्या लहानशा खोलीत एकटा राहतो आणि टाकाऊ सामान गोळा करून दुरुस्त करणाऱ्या एका ठिकाणी काम करतो. तोमोयो अजून शाळेत आहे, आणि त्याच्या खोलीवर येऊन त्याच्या जेवणाखाण्याकडे लक्ष देते. त्यांचे लग्न झालेले नाही, हे वाचकांना आधीच सांगणे योग्य. कथेचा देश आणि रीत वेगळी आहे.

मोडके पंखे, बंद पडलेली यंत्रे, लोकांनी नको म्हणून टाकलेल्या वस्तू. नायक त्या उघडतो, तपासतो, जमल्यास चालू करतो. शाळेत असताना त्याच्या हाताला काही काम नव्हते, येथे आहे. हा बदल मला फार आवडला. प्रेमकथेचा नायक कमावतो कसा, भाडे कसे भरतो, हा प्रश्न कथाकार सहसा टाळतात. येथे तो पहिल्या पानापासून आहे.

आणि मग खोली भरू लागते. ताकाफुमी येतो. त्याच्यासोबत तोमो नावाची एक चिमुरडी येते. ती तोमोयोच्या वडिलांची विवाहाबाहेरची मुलगी, म्हणजे या दोघा भावंडांची सावत्र बहीण, आणि तिच्या आईने तिला सोडून दिले आहे. पुढे कानाको नावाची, घरात पटत नाही म्हणून बाहेर पडलेली मुलगीही येऊन मिळते. दोघांच्या गोड एकांतासाठी आलेल्या खेळाडूसमोर पाच जणांचे कुटुंब उभे राहते. कोणी काय खायचे, मुलीला कोणी सांभाळायचे, कोणाची समजूत कोणी काढायची, यातच तास जातात. एकत्र कुटुंबात राहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. नवल त्या तरुण खेळाडूंना वाटले असेल, ज्यांनी प्रेम म्हणजे दोघांपुरती बंद खोली असे धरले होते. ज्या मुलीच्या अस्तित्वाने तोमोयोच्या घराला एकदा तडा गेला असता, तिलाच ती कडेवर घेते. यावर कथा भाषण करीत नाही. फक्त रोज संध्याकाळी त्या मुलीला भूक लागते, आणि कोणीतरी तिला जेवू घालते.

पुढे मुलीच्या आईचा शोध लागतो. ती एका दूरच्या खेड्यात आहे, दुर्धर आजाराने ग्रासलेली. आपला मृत्यू मुलीने पाहू नये म्हणून ती दूर झाली होती. मुलगी आईजवळ राहावी यासाठी हे सारे तेथे जातात, आणि मुलीला तेथे राहता यावे म्हणून खेड्यात शाळा उभी करण्याचा घाट घालतात. मुलीला सांभाळणाऱ्यांनीच तिला परत देण्यासाठी खपावे, हा या भागातील सर्वांत कठीण आणि माझ्या मते सर्वांत खरा प्रसंग. तोमोयोला तो सहजी पेलत नाही. मुलगी तिची झालेली असते.

त्यानंतर कथा जेथे जाते ते सांगितल्यावाचून या खेळाविषयी काही सांगितल्यासारखे होणार नाही. अगदी शेवट मात्र सांगत नाही. डोक्याला झालेल्या इजेमुळे नायकाची स्मृती जाते. तो तोमोयोला ओळखत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून ओळख करून देते, त्याचा विश्वास मिळवते, आणि काही दिवसांनी सर्व पुसले जाऊन तो पुन्हा परका होतो. ती पुन्हा आरंभ करते. असे किती वेळा झाले ते कळते तेव्हा वाचणाऱ्याचा हात थांबतो.

येथे मला या खेळाचे मर्म सापडले असे वाटते, आणि ते केवळ याच कथाप्रकारात शक्य आहे. मूळ खेळ खेळताना आपण काय करतो? एखादी निवड पटली नाही की सेव्ह केलेल्या जागी परत जातो. आपल्याला सर्व आठवत असते. समोरच्या तोमोयोला काहीच आठवत नसते. ती दर वेळी पहिल्यांदाच भेटते, पहिल्यांदाच रागावते, पहिल्यांदाच हसते. आपण मात्र तिला पाचव्यांदा भेटत असतो. खेळाडू म्हणून ती आपली गंमत असते, आपला अधिकार असतो. उत्तरभागात पारडे उलटते. आता आठवण तिच्याजवळ आहे आणि विसरणे नायकाकडे, म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी आपण सर्व पाहतो त्याच्याकडे. आपण ज्या सोयीने पुन्हा पुन्हा मागे गेलो, तीच गोष्ट एका माणसाला रोज जगावी लागली तर काय होईल, हे तिच्या चेहऱ्यावर दिसते. मागील पानावरची रक्कम अशी पुढे आली आहे. नव्या खेळाने जुन्या नोंदी मागितल्या नाहीत. आपल्या मनात जे साठले होते तेवढेच भांडवल त्याने वापरले.

या कथेवर आक्षेप घेता येतात आणि ते घेतलेच पाहिजेत. पहिला असा, की दुःखावर दुःख रचण्याचा जुन माएदा यांचा हव्यास येथे अधिक जाणवतो. एका घरावर इतकी संकटे कोसळतात की मध्येच शंका येते, लेखक आपल्या डोळ्यांतील पाण्याचा भाव पाहतो आहे काय? दुसरा आक्षेप: कथेत निवडीला वाव थोडा आहे. बहुतेक वेळ आपण केवळ वाचत राहतो. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झाडांसाठी सारी शाळा जिंकणारी, बुद्धीने आणि कर्तृत्वाने तेजस्वी असलेली मुलगी येथे केवळ सेवेत विरघळते. स्त्रीचा त्याग पाहून हळवे होणे आपल्या समाजालाही फार सोपे जाते, आणि त्या हळवेपणात तिचे काय राहून गेले हे विचारायचे राहते. कथा तोमोयोची स्तुती करते. तिला विश्रांती कोण देणार, हे मात्र पुरेसे विचारीत नाही.

हा आक्षेप माझा एकटीचा नाही. तो मला माझ्या पुतणीने दाखवून दिला, आणि हा खेळ मला दिला तोही तिनेच. आमच्या घरातील एक गोष्ट येथे सांगायला हवी; थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेऊनच सांगते आहे.

माझ्या थोरल्या दिरांना सहा वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, चालणे-फिरणे परत आले, परंतु आठवण सांधली गेली नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे भाव, कोणत्या गावच्या कोणत्या व्यापाऱ्याकडे किती येणे होते, हे ते अचूक सांगतात. सकाळी चहा घेऊन समोर उभी राहिलेली बाई कोण, हे मात्र बहुतेक दिवशी त्यांना सांगावे लागते. जाऊबाई सांगतात. "मी तुमच्या घरची," एवढेच म्हणतात आणि कप हातात देतात. दुपारपर्यंत ओळख थोडी जमते, रात्री झोपेत जाते. सकाळी पुन्हा कप, पुन्हा तेच वाक्य. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ही पुतणी, आज सव्वीस वर्षांची आहे. दुकानाचे कर आणि हिशेब तीच पाहते. तिच्यासाठी स्थळे येऊ लागली तेव्हा ती टाळाटाळ करू लागली. घरातील वडीलधाऱ्यांनी अनेक कारणे लावून पाहिली. खरे कारण तिने हा खेळ माझ्या संगणकावर चढवून देताना सांगितले.

"काकू, सगळ्या गोष्टी 'हो' म्हणण्यापाशी संपतात. आपल्या घरातसुद्धा. सुपारी फुटली की सगळे मोकळे होतात. आईचं पुढे काय झालं, ते कुणी गोष्टीत सांगत नाही. या खेळाने सांगितलं. पण तोमोयोला कुणी एकदा तरी म्हणायला हवं होतं की आज तू झोप, आज मी सांगते त्याला."

मी खेळ पूर्ण केला, आणि मग एका दुपारी आम्ही दोघींनी जाऊबाईंना तो भाग दाखवला. वाक्ये इंग्रजीत होती; पुतणी त्यांचे मराठी करून सांगत होती. मला वाटले होते त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हिचं बरं आहे, हिला रोज नवीन माणूस भेटतं. मला रोज तेच माणूस भेटतं, आणि त्याला मी नवीन असते. पण सकाळी एकदा हसले ना ते, की दिवस निघतो." थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "झोप मात्र हवी गं. तेवढं या मुलीनं बरोबर सांगितलं."

तेव्हापासून आठवड्यातील दोन दिवस सकाळचा चहा मी नेते आणि एक दिवस पुतणी नेते. जाऊबाई त्या दिवशी सातपर्यंत झोपतात. दीर मलाही ओळखत नाहीत, परंतु बाजारभाव विचारले की खुलतात.

पुतणीचेही सांगते. मागील महिन्यात एक स्थळ पाहायला आले. बोलणे झाल्यावर मुलाला काही विचारायचे आहे काय, असे तिला विचारले गेले. तिने पगार विचारला नाही, घर विचारले नाही. "तुमच्या घरात कुणी आजारी पडलं तर त्यांचं कोण करतं?" एवढेच तिने विचारले. मुलगा गोंधळला नाही. म्हणाला, आजोबा दोन वर्षे अंथरुणाला खिळून होते. त्यांची दाढी मी करायचो, बाकी आई आणि बाबा आळीपाळीने करायचे. बोलणी अजून चालू आहेत. काय ठरेल ते ठरेल. परंतु बैठकीत असा प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळाले, हे मी माझ्या कानांनी ऐकले.

आता, ज्यांना हा खेळ घरी आणावासा वाटेल त्यांच्यासाठी काही उपयुक्त सूचना.

'तोमोयो आफ्टर'ची २००५ ची पहिली आवृत्ती प्रौढांसाठी होती. नंतर २००७ साली प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीतून तसे प्रसंग वगळण्यात आले. विकत घेताना कोणती आवृत्ती आहे हे पाहूनच घ्यावे, आणि वयाची खूणही पाहावी. माझ्या मते हा खेळ शाळकरी मुलांसाठी नाही. कारण त्यातील दुःख समजायला थोडे आयुष्य गाठीशी लागते. महाविद्यालयात जाणाऱ्या आणि त्यापुढील वयाच्या मुलामुलींनी तो अवश्य पाहावा, आणि शक्य तर घरातील एखाद्या मोठ्या माणसासोबत पाहावा.

आधी 'क्लॅनाड' पूर्ण करावा, निदान तोमोयोची वाट तरी. मूळ कथा न वाचता उत्तरभाग उघडला तर चेरीची झाडे कोणती, ताकाफुमीचा पूल कोणता, हे काहीच लागत नाही, आणि रक्कम नसलेले खाते पुढे ओढल्यासारखे होते. 'क्लॅनाड' इंग्रजीत २०१५ पासून मिळतो. दोन्हींच्या मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत. गोड शेवटाला थोडा काळ तसाच राहू द्यावा. घाई केली तर त्याची किंमत कळत नाही. रोज तासभर पुरे. रात्री फार उशिरापर्यंत बसू नये, कारण या कथा 'आणखी एक प्रसंग' असे म्हणत पहाट करतात. ताकाफुमीच्या नावाचा भुयारातील लढायांचा उपखेळ आवडला नाही तर त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

आणि एक विनंती. मुले असे काही वाचत बसलेली दिसली की 'काय हे पडद्याला चिकटून बसणे' असे आपल्या तोंडी सहज येते. त्याऐवजी एकदा शेजारी बसून 'यातली मुलगी कोण, आणि हिचे काय चालले आहे' असे विचारावे. कधी कधी मूल स्वतःच्या मनातील जी गोष्ट सरळ सांगू शकत नाही, ती कथेतील मुलीच्या नावाने सांगते. ऐकणारे कोणी शेजारी असावे लागते.

पुढील अंकात 'क्लॅनाड'मधील फुरुकावा दांपत्याविषयी लिहीन. आपापली स्वप्ने बाजूला ठेवून या पतिपत्नींनी मुलीसाठी लहानशी बेकरी चालवली. दुकान आणि घर एकाच छपराखाली चालवणाऱ्या आपल्या वाचकांना त्यांची ओळख व्हावी असे फार दिवसांपासून मनात आहे.